दार जळू दे

हळदीच्या गोदामात भर दुपारी शिरलं की पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही. बाहेर मार्केट यार्डातला रस्ता उन्हानं पांढरा झालेला आणि आत पोत्यांच्या थप्प्या पत्र्यापर्यंत गेलेल्या. मग हळूहळू थप्प्यांच्या कडा उमटतात, त्यांच्यामधली वाट दिसते, पाठीवर पोतं घेतलेला माणूस दिसतो आणि सगळ्यात शेवटी त्याचा चेहरा. डोळ्याला ही दोन मिनिटं मिळतात. कॅमेऱ्याला मिळत नाहीत. त्याला आधी सांगावं लागतं की तुला काय बघायचं आहे.

२०११ च्या मार्चमध्ये, हळदीच्या ऐन हंगामात, मी सांगलीच्या हमालांवर एक छोटा माहितीपट करत होतो. अर्धं वर केलेलं शटर, त्यातून जमिनीवर पडलेला उन्हाचा पट्टा आणि त्याच्या अलीकडं पोत्यावर टेकलेले साठीचे एक हमाल. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. लाइट मीटर दारात धरला तर लेन्सच्या छिद्राचा आकडा १६ दाखवत होता, मामांच्या गालाशी धरला तर २. मधे सहा स्टॉप. एका स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो, म्हणजे मामांच्या चेहऱ्यापेक्षा दारात चौसष्टपट उजेड होता. एवढी दरी त्या कॅमेऱ्याला एका फ्रेममध्ये पेलणार नव्हती. दाराचं माप धरलं तर रस्ता, ट्रक, समोरच्या अडत दुकानाची पाटी सगळं सुरेख येणार होतं आणि मामा कोळशाची आकृती होणार होते. मामांचं माप धरलं तर दार पांढरंफेक होणार होतं.

माझा सहाय्यक मॉनिटर बघून म्हणाला, "सर, दार जळतंय."

मी म्हणालो, "दार जळू दे."

हे तीन शब्द तोंडातून निघायला मला सतरा वर्षं लागली.

माझे वडील याच यार्डात तोलाईदार होते. काट्यावर पोतं चढवलं, माप बोललं, चिठ्ठीवर लिहिलं, असं त्यांचं आयुष्य गेलं. बारावी झाल्यावर १९९४ साली मी मावसभावाच्या हाताखाली लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगला लागलो. खांद्यावर व्हीएचएस कॅमेरा, मागं वायर सांभाळणारा पोरगा आणि बांबूला बांधलेला हजार वॅटचा हॅलोजन. तो दिवा कॅमेऱ्याच्या अगदी डोक्याशी धरायची पद्धत होती. आम्ही ज्याच्याकडं वळू त्याचे डोळे बारीक व्हायचे. हळदीला बसलेली नवरी असो की कोपऱ्यातली आजी, प्रत्येकाचा चेहरा आमच्या उजेडाला घाबरलेला. शेकडो लग्नांत मी तेच चेहरे टिपले आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दिवा लेन्सच्या शेजारून पडला की सावली वस्तूच्या बरोबर मागं लपते. नाक, गालाचं हाड, हनुवटी सगळं एका पातळीवर येतं आणि चेहरा ताटासारखा सपाट होतो. तोच दिवा चार-पाच फूट बाजूला आणि थोडा वर नेला तर नाकाची सावली गालावर पडते आणि चेहऱ्याला चढउतार येतो. प्रकाशयोजनेचा हा पहिला धडा. तो शिकायला कुठल्या शाळेत जावं लागत नाही, घरातल्या खिडकीजवळ कुणाला तरी बसवलं तरी पुरतं. पण आम्हाला तो कुणी सांगितला नव्हता, आणि गिऱ्हाईकाला तो नको होता. गिऱ्हाईकाचं मागणं एकच असायचं: "नवरी जरा उजळ येऊ द्या."

जत, कवठेमहांकाळ, आटपाडी या उन्हाच्या पट्ट्यातल्या मुली. सावळ्या, तरतरीत. मी आयरिस, म्हणजे लेन्सचं उजेडाचं छिद्र, उघडायचो आणि त्यांना पांढरं करायचो. नाकाची कड जायची, पांढऱ्यात नथ तेवढी उरायची. एकदा कॅसेट द्यायला एका घरी गेलो. सगळे टीव्हीपुढं बसले. नवरीची आजी पुढं सरकून बराच वेळ बघत राहिली आणि तिनं विचारलं, "ही कुनाची पोरगी?" घरातले हसले. मला उरलेले पैसे मिळाले, पोहे मिळाले. त्या घरातली सगळ्यात म्हातारी बाई स्वतःच्या नातीला ओळखत नव्हती, आणि तसं मी केलं होतं. तिच्या नजरेत दोष नव्हता. त्या आयरिसवर माझं बोट होतं.

पुढं समजलं की सावळ्या चेहऱ्याला उजेडाचा मारा लागत नाही. त्याला मोठा, पसरट, मऊ उजेड लागतो. पांढऱ्या भिंतीवरून, थर्माकोलवरून, ताणून धरलेल्या धोतरावरून परतून आलेला. मग कातडीवर त्या उजेडाची एक चमक उमटते, कपाळावर, गालाच्या हाडावर, आणि त्या चमकेनंच चेहरा दिसतो. रंग आहे तोच राहतो, तेज वाढतं. या मुलखातल्या माणसांचं चित्रण करणाऱ्यानं एवढं तरी शिकलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडच्या किती लग्नांच्या कॅसेटींत किती मुली अनोळखी होऊन पडल्या असतील याचा विचार मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

२००५ साली वाईला एका सिनेमाच्या युनिटमध्ये काम मिळालं. वाई तेव्हा गजबजलेली होती. 'गंगाजल' तिथं होऊन गेला होता, आदल्याच वर्षी 'स्वदेस' आला होता. वाईजवळच्या मेणवलीचा तो नाना फडणविसांचा घाट सगळ्या देशानं पडद्यावर पाहिला आणि त्या छायाचित्रणासाठी महेश अणे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी लागलो ते अगदी तळाला, मॅगझिन भरणाऱ्याचा मदतनीस म्हणून. काळ्या चेंजिंग बॅगेत दोन्ही हात कोपरापर्यंत घालायचे आणि नुसत्या बोटांनी फिल्मचा रोल मॅगझिनमध्ये ओवायचा. डोळ्यांचा उपयोग शून्य. चारशे फुटांचा रोल सेकंदाला चोवीस फ्रेमच्या वेगानं जेमतेम साडेचार मिनिटं चालतो. लग्नात मी तीन तासांची कॅसेट अखंड फिरवणारा माणूस. इथं प्रत्येक शॉटनंतर विचारलं जायचं, "किती फूट गेले?" आणि लगेच गेट चेक. फिल्म जिथून सरकते त्या चौकटीत एखादा केस, एखादा कण अडकला आहे का ते बघायचं. फुटाला किंमत असली की माणूस शॉट सुरू करण्याआधी विचार करतो. आज मेमरी कार्ड स्वस्त आहेत, तरी मी पोरांना मनात फूट मोजायला लावतो.

त्याच घाटावर मी लाइन शिकलो. पायरीवर दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात. त्यांच्या डोळ्यांना जोडणारी एक रेघ मनात ओढायची आणि कॅमेरा कायम त्या रेघेच्या एकाच अंगाला ठेवायचा. मग एकाचा क्लोज उजवीकडं बघणारा येतो, दुसऱ्याचा डावीकडं, आणि जोडल्यावर ती एकमेकांशी बोलतात असं वाटतं. रेघ ओलांडली तर दोघंही एकाच दिशेला बघतात आणि बोलणं तुटतं. ऐकायला सोपं आहे, पण तीन माणसं झाली आणि त्यातला एक उठून चालायला लागला की अनुभवी माणसंही थबकतात. "लाइन क्रॉस होतीये" असं कुणी म्हटलं की सगळं युनिट थांबायचं.

सांगलीच्या माणसाला हे अवघड का गेलं ते मला नंतर कळलं. आमची नजर नाटकाची. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते सांगलीत, आणि तेव्हापासून आमच्याकडं बघणं म्हणजे समोर बसून बघणं. प्रेक्षकाची खुर्ची हलत नाही, त्यामुळं रेघ ओलांडायचा प्रश्नच येत नाही. लग्नातही मी मांडव समोरूनच टिपायचो, माणसं डोक्यापासून पायापर्यंत, जणू पडदा आत्ताच वर गेला आहे. कॅमेरा प्रेक्षकाला खुर्चीवरून उचलून माणसाच्या जवळ नेतो. जवळ नेल्यावर कुठल्या अंगाला ठेवायचं ही त्याची जबाबदारी असते.

नाटकाकडून सिनेमाकडं जाणारी ही वाट आधी चालून गेला तो आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवरचा माणूस, कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. ते आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे. सिनेमाच्या वेडानं त्यांनी स्वतःचा कॅमेरा करायला घेतला. आनंदराव मधेच वारले, बाबूरावांनी तो पुरा केला आणि १९२० साली 'सैरंध्री' आला. पण मला भुरळ पडली ती त्यांच्या १९२५ च्या 'सावकारी पाश'ची. सावकाराच्या कचाट्यात जमीन गेलेल्या शेतकऱ्याची ती गोष्ट, शेतकरी झाले होते तरुण व्ही. शांताराम. चित्रपट आज उरलेला नाही. तो पाहिलेल्यांच्या आठवणीत राहिलं ते अंधुक उजेडातलं एक उदास खोपट आणि तिथं भेसूर रडणारं कुत्रं. मूकपट तो, रडणं ऐकू येण्यासारखं नव्हतं. जन्मभर रंगीत पडदे रंगवलेल्या माणसानं खोपट अंधारात ठेवायचं ठरवलं आणि इतक्या वर्षांनी लोकांना तोच अंधार आठवला. याच घराण्यातून पुढं 'प्रभात' उभी राहिली आणि १९३४ च्या 'अमृतमंथन'मध्ये केशवराव धायबरांच्या कॅमेऱ्यानं टेलिफोटो लेन्स लावून राजगुरूचा एक डोळा पडदाभर केला. समोर बसून बघणाऱ्या आमच्या मुलखानं नऊ-दहा वर्षांत एवढी मजल मारली, याचा मला अभिमान आहे.

वाईचं काम संपत आलं तेव्हाची एक संध्याकाळ सांगायलाच हवी. सूर्य डोंगरामागं गेला होता आणि कृष्णेच्या पाण्यावर तो निळसर, बिनसावलीचा उजेड होता, जो वीस-पंचवीस मिनिटांपलीकडं टिकत नाही. फोकस सांभाळणारा सहाय्यक, फोकस पुलर, तापानं आडवा पडला होता आणि त्याच्या जागी मी. ८५ मिलिमीटरची लेन्स, उजेड कमी म्हणून आयरिस २ वर उघडलेली. आयरिस जितकी उघडी आणि लेन्स जितकी लांब, तितका फोकस पातळ. सहा-सात फुटांवर तो चार बोटांपेक्षा जास्त नसतो. नायिका तीन पायऱ्या उतरून येणार होती. मी टेप तिच्या डोळ्यापासून कॅमेऱ्यावरच्या खुणेपर्यंत ताणून प्रत्येक पायरीचं माप घेतलं, खडूनं खुणा केल्या. टेकमध्ये ती शेवटच्या पायरीवर किंचित पुढं झुकली. मला ते जाणवलं, हात वळायला क्षणभर उशीर झाला. फिल्ममध्ये चूक लगेच दिसत नाही. रोल धुऊन, छापून आल्यावर काही दिवसांनी कळलं: तिचं कानातलं लख्ख होतं आणि डोळे विरघळलेले. युनिट तोवर पुढच्या गावी गेलं होतं. तो शॉट सिनेमात नाही. त्या चार बोटांनी मला शिकवलं की फोकस मापानं लावतात, पण सांभाळावा लागतो तो माणसाच्या श्वासाकडं बघत. मामांच्या मुलाखतीच्या वेळी मी फोकस रिंग कुणाला दिली नाही.

मेणवलीची ती कृष्णा पुढं माहुली, कऱ्हाड, औदुंबर करत आमच्या गावात येते. मीही तिच्यासारखाच खाली आलो आणि वडिलांच्या यार्डात कॅमेरा लावला.

पहिल्या दिवसाचं चित्रण मी टाकून दिलं. हळद हळदीसारखी दिसतच नव्हती. राजापुरी हळकुंडांचा ढीग फ्रेम भरून घेतला होता आणि पडद्यावर तो ओल्या मातीसारखा मळकट आला. कारण साधं होतं. व्हाइट बॅलन्स ऑटोवर होता. ऑटोमधला कॅमेरा फ्रेममधल्या रंगांची बेरीज करून गृहीत धरतो की ती मधली, करडी असायला हवी. सगळीकडं पिवळं दिसलं की त्याला वाटतं उजेडच पिवळा पडलाय, म्हणून तो चित्रात निळं मिसळतो. ज्या पिवळ्यावर सांगलीचा बाजार उभा आहे, ज्याला पुढं २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तो रंग यंत्राला बिघाड वाटला. दुसऱ्या दिवशी त्याच उजेडात करडं कार्ड धरून माप घेतलं, आकडा कुलूपबंद केला, आणि हळद परत हळद झाली.

दुसरी अडचण ट्यूबलाइटची. आपली वीज सेकंदाला पन्नास फेऱ्यांची, त्यामुळं जुन्या चोकवाल्या ट्यूबा सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण शटरचा वेग त्या तालाशी जुळला नाही तर चित्रात उजेडाच्या लाटा येतात. शटर एकपन्नासांशावर ठेवलं की लाटा थांबतात. लग्नात वर्षानुवर्षं मी त्या लाटा बघितल्या होत्या आणि कॅमेरा जुना झाला असं समजत होतो.

हळदीची धूळ मात्र कशानं थांबली नाही. लेन्सवर, ट्रायपॉडच्या सांध्यात, नखांत. पण पत्र्याच्या भोकातून आलेला उन्हाचा कवडसा तिच्यामुळंच दिसायचा, वरपासून खालपर्यंत सोन्याच्या दोरीसारखा. सिनेमावाले अशा उजेडासाठी धूर सोडतात. आमच्याकडं तो हमालांच्या फुप्फुसात जाणाऱ्या धुळीतून येत होता. मी तो शॉट घेतला, मुलाखतीत मामा खोकले तेही ठेवलं. तो सोनेरी शॉट खोकल्याशिवाय वापरायचा नाही, हे मी संकलनाच्या टेबलावर शेवटपर्यंत लावून धरलं.

हरिपूरकडं एक जुनं पेवही बघायला मिळालं. हळद साठवायची जमिनीतली खोल कोठी, तोंड अरुंद आणि आत पोट मोठं. पेव उघडल्यावर कुणी लगेच उतरत नाही. आतला कोंडलेला वायू निघून जाऊ देतात, कंदील सोडून बघतात, तो तेवत राहिला तर माणूस उतरतो. कंदील खाली जाताना आतल्या मातीच्या भिंती एकेक हात उजळत गेल्या. मला जास्तीचे दिवे लावता आले असते. मी लावले नाहीत. त्या उजेडाला आत उतरायचं खरं काम होतं, आणि तेवढाच मला पुरला.

आता पुन्हा मामांकडं. दार जळू दिलं, म्हणजे दारातलं सगळं पांढरं झालं. चेहऱ्याच्या काळोख्या बाजूला पांढरी चादर धरली, दारातल्याच उन्हाचा थोडा परतावा गालावर आला. एवढंच. वेगळा दिवा नाही. मामा पस्तीस वर्षांच्या ओझ्याबद्दल बोलले. मानेमागचा घट्टा त्यांनी सहज वळून दाखवला, तेव्हा कॅमेरा हलवला नाही.

माहितीपट आम्ही यार्डातच दाखवला, रात्री, भिंतीवर पडदा लावून. हमाल पोत्यांवर बसले होते. मामांचा क्लोज आला तेव्हा कुणी काही बोललं नाही. पण नंतर मागची थप्पी दिसली आणि मामाच म्हणाले, "आरं, ही थप्पी कुनी लावलीया? खालचा थर आडवा पायजे हुता." लगेच चार-पाच जण त्यावर बोलायला लागले. कुणी लावली, कधी लावली, किती पोती होती. मी मागं उभा राहून ऐकत होतो. त्यांना अंधारातली थप्पी ओळखू येत होती, तिच्यातली चूक दिसत होती. माझ्या कामाला याहून मोठी पावती मला मिळालेली नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हा ड्रोनमधून घेतलेली सांगली सगळ्यांनी पाहिली. तपकिरी पाणी, त्यात छपरं. पुराचा आवाका कळायला ती उंची लागते, हे मला मान्य आहे. पण त्या उंचीवरून एकाही माणसाचा चेहरा दिसत नव्हता आणि दिवसभर तेच फिरत राहिलं. मी होडीत बसून, बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर कॅमेरा धरून जे थोडं टिपलं ते आजही जवळ आहे. कॅमेरा कुठल्या उंचीवर धरला यावरून टिपणारा माणूस कुठं उभा होता ते कळतं.

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि तो ऑटोवर आहे. दार आणि माणूस यातलं काय जाळायचं, हे तो तुम्हाला न विचारता ठरवतो. तेव्हा एक मागणं आहे. घरातल्या आजी-आजोबांचा व्हिडिओ काढाल तेव्हा त्यांची पाठ खिडकीला करू नका, खिडकी त्यांच्या एका बाजूला येऊ द्या. वरची ट्यूब बंद करा. स्वतः खाली बसा, फोन त्यांच्या डोळ्याच्या पातळीवर आणा, झूम करू नका, पुढं सरका. पडद्यावर त्यांच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, उजेड आणि फोकस तिथं कुलूपबंद होईल. मागची खिडकी पांढरी झाली तर होऊ द्या. आणि त्यांना उजळ करणारं ते बटण कृपा करून बंद ठेवा.